भामरे मॅडमची हरकत

उधन्याच्या आमच्या कॉमर्स कॉलेजात स्टाफरूममध्ये अकरा खुर्च्या होत्या. कायम प्राध्यापकही अकराच. तासावर शिकवायला येणारे चार-पाच जण खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभे राहायचे, चहासुद्धा उभ्यानेच घ्यायचे. तसं कुणी ठरवलं होतं असं नाही, पण चालत आलेलं होतं. मी स्वतः तीन वर्षं त्या कट्ट्याला टेकून मग खुर्चीवर आलेला माणूस, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

विमल भामरे पहिल्या दिवशी सकाळी सातच्या आधी आल्या. पस्तिशीच्या, ठेंगण्या, फिकट सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि मनगटावर पुरुषी, मोठ्या तबकडीचं घड्याळ. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि सरळ विभागप्रमुखांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. थोड्या वेळानं प्रमुख आले आणि दारातच थबकले.

"बेन, आ खुरशी मारी छे."

मॅडमचं गुजराती मोडकंतोडकं होतं, पण आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "साहेब, कॉलेजच्या परिपत्रकात स्टाफरूम सर्व अध्यापकांसाठी आहे असं लिहिलंय. आत्ताच ऑफिसात वाचून आले. कायम असा शब्द त्यात नाही. तुम्हाला सापडला तर मी उठते."

प्रमुखांना आधी ती थट्टा वाटली. ते हसले. मॅडम हसल्या नाहीत; पिशवीतून व्यापारी कायद्याचं पुस्तक काढून वाचत बसल्या. पुढच्या आठवड्यात वर्गातली दोन लांब बाकं स्टाफरूममध्ये आली. कुणी सांगितलं, कुणी आणली, कळलं नाही. तासावरची मंडळी त्यावर बसू लागली आणि बाईंना आम्ही आपसात 'कलमवाल्या' म्हणू लागलो.

मॅडम मूळच्या शिरपूरकडच्या. यजमान पांडेसऱ्याला एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होते. भला, अबोल माणूस. हाताची नखं कायम निळी किंवा जांभळी. एकदा मी घरी गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सर, आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडलं तरी तोंडी सांगून चालत नाही." मॅडम आतून म्हणाल्या, "तोंडी सांगितलं की माणूस नंतर म्हणतो, मी असं म्हटलंच नव्हतं."

हा त्यांचा आवडता मुद्दा होता. तोंडी नियम म्हणजे नियम नव्हे, मर्जी, असं त्या म्हणत. पिशवीत कार्बन पेपर, टाचण्या, शिक्क्याची शाई, लाल पेन्सिल आणि डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. नोटीसबोर्डावर प्राचार्यांनी काही लावलं, की जाता जाता त्या उभ्या राहून ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचायच्या. तारीख नसली तर लाल पेन्सिलीनं तिथं गोल करायच्या. प्राचार्य आधी चिडले. मग शिपायाला म्हणू लागले, "लावण्याआधी भामरेबेनला दाखवून आण."

वक्तृत्व मंडळ त्यांच्या गळ्यात पडलं ते अशाच चिडीतून. विभागातल्या सगळ्या कॉलेजांची मिळून दरवर्षी एक मोठी वक्तृत्व स्पर्धा व्हायची. आधी सुरत, भरूच, नवसारी, वलसाड अशा केंद्रांवर पात्रता फेऱ्या, प्रत्येक केंद्रातून पहिले तिघे अंतिम फेरीला. आमच्या कॉलेजातून कधी कुणी पात्रता फेरीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आमची पोरं बमरोली, पांडेसरा, सचिनकडची. लूमवर, मिलमध्ये काम करणाऱ्यांची. घरी अहिराणी, रस्त्यावर हिंदी, वर्गात गुजराती. ती स्टेजवर उभी राहिली की तिन्ही भाषा एकमेकींच्या पायात अडकायच्या. हे काम कुणालाच नको होतं. प्राचार्यांनी स्पर्धेची नियमावली मॅडमच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तमने वांचवानो शोख छे ने? लो." म्हणजे, वाचायची हौस आहे ना, घ्या.

सायक्लोस्टाइल केलेली, पुसट शाईची, एकतीस कलमांची ती नियमावली. माझ्या माहितीत ती कुणी पूर्ण वाचलेली नव्हती, छापणाऱ्यानंसुद्धा. मॅडमनी दोन दिवसांत वाचली आणि तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यासमोर ठेवली.

"देसले सर, नववं कलम बघा. गुजराती, हिंदी, इंग्रजी 'किंवा संलग्न महाविद्यालयांपैकी कुठेही शिकवली जाणारी भाषा'. सुरतेत एका आर्ट्स कॉलेजात मराठी शिकवतात. म्हणजे आपली मुलं मराठीत बोलू शकतात. पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं, परीक्षक त्यांनी आणायचा."

"मॅडम, आजपर्यंत कुणी मराठीत बोललेलं नाही."

"आजपर्यंत कुणी कळवलेलंही नाही."

त्यांनी रजिस्टर्ड पोस्टानं कळवलं. पोहोचपावती आल्यावर ती नियमावलीला टाचून ठेवली. फेरीच्या दिवशी, फेरी जिथं होती त्या कॉलेजच्या दारात मॅडमना सांगण्यात आलं, की मराठीचा परीक्षक नाही, तुमच्या मुलाला हिंदीत बोलू द्या. मॅडमनी पावती दाखवली आणि स्टेजच्या पायरीवर बसल्या. "परीक्षक येईपर्यंत आम्ही थांबतो. आमचा नंबर शेवटी घ्या. नाही घेतला तरी मी इथंच आहे." पायरी अरुंद होती. त्या दिवशी प्रत्येक वक्ता त्यांना वळसा घालून वर गेला. शेवटी संयोजकांनी कुणाला तरी स्कूटरवर पिटाळून एका मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणले. आमचा मुलगा मराठीत बोलला, सातवा आला, आणि उतरून रडला. आनंदानं रडला असं मॅडमचं मत होतं.

तो मुलगा खरं तर आमचा दुसऱ्या नंबरचा वक्ता होता. पहिल्या नंबरचा वक्ता मॅडमनी स्वतःच बाद केला होता. ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

सुनंदा सोनवणे नावाची एक मुलगी होती. एस. वाय. ला, बमरोलीची. बाप लूमवर, आई साड्यांना टिकल्या लावायची. घराच्या भिंतीला लागूनच लूमचं शेड, त्यामुळे त्या घरात सगळे नेहमीच वरच्या पट्टीत बोलायचे. ही मुलगी बोलायला लागली की वर्गातलं शेवटचं बाक ऐकायचं. तिची तयारी मॅडमनी तिच्या घराच्या गच्चीवर करून घेतली. खाली लूम खटखटताहेत, वर मॅडम स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवून सहाव्या मिनिटाला पहिली घंटा आणि सातव्याला दुसरी देताहेत. एकदा मी म्हटलं, इतक्या गोंगाटात कशाला? तर सुनंदाची आई जिन्यातून म्हणाली, "मनी पोर लूमना आवाजमा वाढेल शे. तिले माईकनं काय काम?"

कॉलेजातल्या निवड फेरीत सुनंदा सगळ्यांत छान बोलली. टाळ्या थांबेनात. ती खाली उतरताना मॅडमनी तिचा उजवा हात धरला आणि मूठ उघडायला लावली. आत घडी घातलेला कागदाचा बारीक तुकडा होता. घामानं भिजलेला. अक्षरं पसरलेली. तिनं तो उघडूनही पाहिला नव्हता, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं.

"हातात कागद असता कामा नये," मॅडम म्हणाल्या. "बारावं कलम. वाचला की नाही, हा प्रश्न नाही."

"मॅडम, नुसता धरला होता," सुनंदा म्हणाली. "धीर यावा म्हणून."

"मला माहीत आहे."

आणि त्यांनी तिचं नाव खोडलं. मी मध्ये पडलो. म्हटलं, कॉलेजातली निवड आहे, कोण बघतंय? मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मी तितका पांढरा कधी पाहिला नव्हता. "मी बघतेय ना सर. उद्या मी दुसऱ्याला कलम दाखवणार, आणि आज माझ्या पोरीपुरतं ते झाकणार?"

दुसऱ्या दिवशी सुनंदाची आई कॉलेजात आली. भांडायला आली होती. मॅडमनी तिला बाकावर बसवलं, चहा दिला, आणि दोघी बराच वेळ अहिराणीत बोलल्या. मी लांब होतो. एवढंच ऐकू आलं की आई म्हणत होती, "एक वरीस गयं ना तिनं!" आणि मॅडम म्हणाल्या, "हा, गयं. मी लिधं." होय, गेलं, मी घेतलं. त्यांनी कारण सांगितलं नाही, समजूतही काढली नाही.

पुढच्या वर्षी सुनंदा टी. वाय. ला. शेवटची संधी. पात्रता फेरी गावातल्या एका मोठ्या कॉलेजात होती. आदल्या आठवड्यात मॅडम मला म्हणाल्या, "सर, तुम्ही बरोबर चला."

"मी कशाला? मला भाषणातलं काय कळतं?"

"बाविसाव्या कलमासाठी. निकालावर हरकत घ्यायची तर अर्ध्या तासात लेखी, आणि सोबत आलेल्या कायम प्राध्यापकाच्या सहीनं. माझी सही चालत नाही."

मी हसलो. म्हटलं, तशी वेळ येणार नाही. त्याही हसल्या, पण बसमध्ये बसल्यावर त्यांनी माझ्या खिशात पेन आहे ना, हे पाहून घेतलं.

सुनंदाचा नंबर दुपारी आला. हॉल भरलेला. ती उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना मोकळे, तळवे थोडे पुढे, सगळ्यांना दिसावेत असे. आधी जाहीर केलेल्या विषयांपैकी चिठ्ठीनं तिला आलेला विषय होता स्त्री आणि श्रम. तिनं आपल्या आईच्या बोटांपासून सुरुवात केली. टिकली चिकटवता चिकटवता बोटांची कातडी कशी गुळगुळीत होते, इतकी की अंगठा उठवला तर कागदावर रेघा उमटत नाहीत. मराठीचे परीक्षक लिहायचे थांबले.

आणि लाइट गेली. पंखे थांबले, माईक बंद पडला. तीनशे पोरं एकदम ओरडली, शिट्ट्या झाल्या. सुनंदा बोलतच होती, पण संयोजक उठले आणि हात वर करून त्यांनी तिला थांबवलं. ती थांबली. पोरांना गप्प करण्यात, खिडक्या उघडण्यात वेळ गेला. मग संयोजक म्हणाले, "चालो बेन, माईक वगर बोलो." ती पुढं बोलू लागली आणि तिचा आवाज त्या हॉलच्या शेवटच्या भिंतीला जाऊन लागला.

पण वेळ नोंदवणाऱ्यानं घड्याळ थांबवलंच नव्हतं. सतराव्या कलमात स्पष्ट होतं, की वक्त्याच्या चुकीशिवाय खंड पडला तर तेवढा वेळ धरायचा नाही. मॅडमच्या घड्याळानं खंड होता एक मिनिट पाच सेकंदांचा. पहिली घंटा झाली तेव्हा सुनंदाची पाच मिनिटंही झाली नव्हती. दुसरी घंटा झाली तेव्हा मिनिटाहून थोडं जास्तच तिच्या हक्काचं उरलं होतं.

तिनं मॅडमकडे पाहिलं. दुसऱ्या घंटेनंतर अर्ध्या मिनिटात थांबलं तर वक्ता बाद होत नाही. मॅडमनी नुसता हात हलवला असता, तर तिनं भाषण तिथंच आवरलं असतं. पण वक्त्याला प्रेक्षकांतून खूण करायची नाही, हेही कलम होतं. मी शेजारी बसलो होतो. मॅडमनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. सुनंदाला सतरावं कलम पाठ होतं. आपलं मिनिट आपल्याला मिळणार, या भरवशावर ती शेवटच्या वाक्यापर्यंत बोलली.

निकालात तिचं नाव नव्हतं. वेळेचं उल्लंघन, गुण धरले नाहीत.

मॅडम संयोजकांच्या टेबलाशी गेल्या. त्या काही बोलण्याआधीच ते गोड आवाजात म्हणाले, "बेन, जवा दो ने. छोकरी सारुं बोली. आश्वासन इनाम आपी दईए." म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस देऊन टाकू.

"आश्वासन नको," मॅडम म्हणाल्या. "तिचं एक मिनिट पाच सेकंद द्या."

"लाइट जाय एमां कोईनो वांक?"

"तिचा तरी दोष कुठं आहे?"

संयोजकांनी मग नियमावली मागवली. त्यांना ती चाळताना पाहून मला वाटलं, चला, निदान वाचतायत तरी. ते बाविसाव्या कलमावर थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "हरकत कायमी अध्यापकनी सहीथी. तमे तो कायमी नथी."

मॅडमनी अर्ज तिथंच, उभ्याउभ्या लिहिला होता. कार्बन घालून, दोन प्रती. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. "सर, अकरा मिनिटं आहेत."

आता खरं लिहितो. ते संयोजक आणि आमचे प्राचार्य एकमेकांचे जुने मित्र. माझी वरच्या वेतनश्रेणीची फाइल प्राचार्यांच्या टेबलावर होती. मी अर्ज वाचला. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी म्हणालो, "प्राचार्यांना एक फोन करून येतो." मॅडम म्हणाल्या, "अकरा मिनिटं, सर." मी ऑफिसात गेलो. फोन एकाच्या हातात होता. मी थांबलो. मग तो मोकळा झाला आणि मी नंबर फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला. लागत होता की नाही, हे मी नीट ऐकलंच नाही. भिंतीवर घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडे बघत उभा होतो.

परत आलो तेव्हा मुदत संपून तीन मिनिटं झाली होती. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. अर्जाच्या तळाशी त्यांनी लिहिलं होतं, 'मुदतीत सादर. सही मिळाली नाही.' माझं नाव कुठंच नव्हतं. एक प्रत त्यांनी टेबलावर ठेवली, एक पिशवीत घातली.

बसमध्ये सुनंदा खिडकीशी. डोळे कोरडे होते. उधना दरवाजा गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, जाऊ द्या ना. मला नाही वाईट वाटत."

"तुझं तू जाऊ दे," मॅडम म्हणाल्या. "मागच्या वर्षी नियमाच्या नावानं मी तुझ्याकडून घेतलं. आज नियमानं तुझं होतं ते मला देता आलं नाही. माझं कसं जाईल?"

त्यांनी शेंगदाण्याची पुडी सोडली, आधी सुनंदापुढे धरली, मग माझ्यापुढे. मी दोन दाणे घेतले. ते उतरेपर्यंत मुठीतच राहिले.

काही दिवसांनी स्टाफरूममध्ये त्या माझ्याशी पहिल्यासारख्याच बोलू लागल्या. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं. एक दिवस त्यांनी नियमावली उघडली. "सर, गंमत बघा. बावीसमध्ये 'कायम प्राध्यापक' आहे. एकोणतीसमध्ये, नियम बदलण्याचा प्रस्ताव कुणी द्यायचा तिथं, नुसतं 'प्राध्यापक' आहे. म्हणजे प्रस्ताव मी देऊ शकते."

प्रस्ताव एका ओळीचा होता: बाविसाव्या कलमातला 'कायम' हा शब्द काढावा. खाली कारण, तेही चार ओळींचं. विभागातल्या प्रत्येक कॉलेजला प्रत जायला हवी होती. त्या पावसाळ्याच्या शेवटी सुरतेत प्लेगची बातमी आली आणि दोन दिवसांत शहर रिकामं झालं. मी बायको-मुलांना घेऊन धुळ्याला पळालो. भामरे कुटुंब राहिलं. मिल बंद, कॉलेज बंद, आणि मॅडम घरात बसून हातानं प्रती काढत होत्या. पोस्ट सुरू झाल्याबरोबर त्यांनी त्या पाठवल्या. मी परत आलो तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडलेला होता.

सगळ्या कॉलेजांची स्पर्धेच्या नियमांवरची बैठक प्लेगमुळे पुढे गेली होती, ती अखेर जानेवारीत झाली. आमच्या कॉलेजतर्फे प्राचार्य आणि मी होतो, मॅडमना आमंत्रण नव्हतं. त्या आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. प्रस्ताव शेवटी निघाला. संयोजक म्हणाले, हा शब्द जबाबदारीसाठी आहे. आज असलेला, उद्या नसलेला माणूस सही करील, मग जाब कुणाला विचारायचा? अध्यक्ष एक वयस्क निवृत्त प्राचार्य होते. त्यांनी मॅडमना बोलायला सांगितलं.

त्या उभ्या राहिल्या. "साहेब, मुलांना आणायला तासावरचा माणूस चालतो. तयारी करून घ्यायला चालतो. दिवसभर उपाशी बसायला चालतो. फक्त 'हे चुकलं' म्हणायला चालत नाही. ज्याला चूक म्हणता येत नाही, त्याला तुम्ही पाठवताच कशाला?"

अध्यक्षांनी विचारलं, "पण बेन, या शब्दामुळे कुणाची खरी हरकत अडली, असं कधी घडलंय का? की नुसती शंका आहे?"

मॅडमनी पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला. कार्बनची प्रत त्यांच्या पिशवीत होती, मला माहीत होतं. त्या ती काढत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेत आमचे प्राचार्य होते.

मी उठलो. म्हणालो, "घडलंय. मागच्या पात्रता फेरीत. हरकत खरी होती, मुदतीत होती. कायम प्राध्यापक मी होतो. मी सही केली नाही." आणि बसलो. एवढंच. त्याहून जास्त श्रेय मला नको, आणि ते माझं नव्हेही.

हात वर झाले. दोन मतांनी शब्द गेला.

जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं. त्यात भामरे नाव नव्हतं. व्यापारी कायद्याचे तास दुसऱ्याला वाटले होते. माझी फाइल उशिरा का होईना, पुढं सरकली. मी कायम होतो. मॅडमनी कारण लेखी मागितलं. 'तासांची आवश्यकता नाही' असं आलं. तारीख होती, सही होती. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "कागद बरोबर आहे. खोटा आहे, पण बरोबर आहे." आणि प्राचार्यांच्या दारात उभ्या राहून, आतल्या तिघाचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, शब्द तर गेला. आता मला काढून तो परत येत नाही." मग जिना उतरून गेल्या.

त्या वर्षी सुरत आणि नवसारी केंद्रांच्या एकत्र झालेल्या पात्रता फेरीत आमचा एक मुलगा तिसरा आला. आमच्या कॉलेजचा पहिलाच. प्राचार्यांनी पेढे मागवले. ते वाटून व्हायच्या आत नवसारीहून आलेल्या एका तासावरच्या तरुण बाईंनी हरकत दिली: आमच्या मुलानं आपल्याला आलेली विषयाची चिठ्ठी दुसऱ्या वक्त्याशी बदलून घेतली होती. अर्ज बाईंच्या स्वतःच्या सहीचा होता, अर्ध्या तासात दिलेला. हरकत मान्य झाली, आमचा मुलगा गेला. प्राचार्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मला मात्र कधी एकदा मॅडमना सांगतो असं झालं.

त्या उधन्यालाच एका कामगार वकिलाकडे टायपिंग करत होत्या. तिथं गेलो तर कळलं, शनिवारी त्या सचिनला असतात. नव्यानं छापलेली नियमावली घेऊन मी सचिन गाठलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्याच्या फाटकापाशी कामाची पाळी संपवून बाहेर पडलेल्या पंधरा-वीस बायका उभ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध मॅडम, मान वर करून फाटकावरची नोटीस वाचत होत्या. एक ओळ गुजरातीत, मग तीच अहिराणीत. मला पाहून त्यांनी थांबा अशी खूण केली आणि वाचून पुरं केल्यावरच जवळ आल्या.

मी नवसारीच्या बाईंची हकीकत सांगितली. त्या इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसावे लागले. "आपल्याच विरुद्ध? वा! पोरगी कोण आहे? नाव लिहून द्या मला." मग नियमावली उघडून त्यांनी बाविसावं कलम बोटानं वाचलं आणि कपाळाला आठी घातली. "इथं स्वल्पविराम राहिलाय, सर. पुढच्या छपाईत घाला."

एवढ्यात फाटकावरचा पहारेकरी आला. उत्तरेकडचा, उंच, काठीवाला. मी यायच्या आधीपासूनच तो अधूनमधून येऊन बायकांना हाकलत होता. "चलो चलो, मैडम, भीड़ मत करो. साहब देखेंगे."

"देखने दो," मॅडम म्हणाल्या. "साहब से कहना, नोटिस उन्होंने लगाई है, हम पढ़ रहे हैं. ना पढ़वाना हो तो उतार लें."

बायका हलल्या नाहीत. पहारेकऱ्यानं एकदा मागं, ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली, वरच्या खिशातून चार घड्या घातलेला, कारखान्याच्या शिक्क्याचा एक कळकट कागद काढला आणि हळूच म्हणाला, "मैडम, ये जरा देखिए ना. छह साल से जेब में है. इसमें हमारे बारे में क्या लिखा है?"

मॅडमनी कागद उलगडला. मी निघतो म्हणालो. त्यांना ते ऐकू गेलं नसावं. रस्ता ओलांडून मी वळून पाहिलं तेव्हा बायकांनी दोघांभोवती कडं केलं होतं, आणि मॅडम चष्मा कपाळावर सारून, कागद डोळ्यांशी धरून त्याला विचारत होत्या, "पहले ये बताओ, इस पर तारीख किसने काटी?"